पांबनचा उघडणारा पूल



रामनवमीला दुपारी बारा वाजता आमच्या नाशिकला काळाराम मंदिरात रामजन्म होतो. २०२५ साली रामनवमी ६ एप्रिलला आली. पूर्वी देवळात जात असू, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून घरीच पाळणा म्हटला, सुंठवडा खाल्ला आणि टीव्ही लावला. टीव्हीवर वेगळाच सोहळा चालू होता. रामेश्वरजवळ पांबनच्या खाडीवरचा रेल्वेचा नवा पूल पंतप्रधानांच्या हस्ते सुरू होत होता. पुलाचा मधला तुकडा दोन मनोऱ्यांमधून सरळ वर गेला आणि खालून तटरक्षक दलाचे जहाज पार झाले.

नातीने विचारले, "आजोबा, पूल लिफ्टसारखा वर कशाला न्यायचा? मुळातच उंच का नाही बांधला?"

प्रश्न फार चांगला आहे. वर्गात असा प्रश्न विचारणारा एखादाच विद्यार्थी असायचा, आणि त्याला उत्तर देताना तास संपून जायचा. तिला त्या दिवशी जमेल तसे सांगितले. इथे सविस्तर सांगतो, कारण त्या उत्तरात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि थोडा आपल्या नद्यांवरच्या पुलांचाही प्रश्न आहे.

आधी भूगोल. रामेश्वर हे बेट आहे. मुख्य भूमीवरचे शेवटचे ठिकाण मंडपम् आणि बेटावरचे पहिले पांबन. मध्ये सुमारे दोन किलोमीटरचे उथळ पाणी. उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. या दोन समुद्रांमध्ये ये-जा करणाऱ्या बोटींना हीच वाट. म्हणजे इथे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. यात्रेकरूंचा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा, आणि कोळ्यांचा व जहाजांचा उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा. आमच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता भेटतात, तसाच हाही एक चौक. फक्त एक रस्ता लोखंडी आणि दुसरा पाण्याचा.

मोटारीचा पूल उंच बांधता येतो. तिथे तो बांधलाही आहे. १९८८ मध्ये सुरू झालेला इंदिरा गांधींच्या नावाचा रस्त्याचा पूल मधोमध कमानीसारखा वर चढतो आणि त्याच्याखालून बोटी जातात. आगगाडीला मात्र चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते. शंभर मीटर धावताना गाडी एक मीटर चढली तरी तो चांगला चढ म्हणायचा. त्या हिशेबाने वीस मीटर उंचीवर जायला दोन किलोमीटर नुसता चढ हवा आणि पलीकडे तेवढाच उतार. पांबन आणि मंडपम् ही दोन्ही स्टेशने तर पाण्याच्या जवळच आहेत. म्हणून रेल्वेपुढे दोनच मार्ग उरतात. जहाजांचा रस्ता कायमचा बंद करायचा, नाहीतर पुलालाच दार ठेवायचे. ते दार १९१४ मध्ये ठेवले गेले.

जुन्या पुलाचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि २४ फेब्रुवारी १९१४ ला तो वाहतुकीला खुला झाला. लांबी दोन किलोमीटरच्या थोडी वर. चाळीस चाळीस फुटांचे १४५ गाळे, आणि मध्ये दोनशे फुटांहून मोठा एक उघडणारा गाळा. आपल्या मुंबईतला वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये येईपर्यंत भारतात पाण्यावरचा इतका लांब समुद्री पूल दुसरा नव्हता. इंग्रजांनी तो यात्रेकरूंच्या सोयीसाठी बांधला असे कोणी म्हटले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांची नजर सिलोनवर होती. मद्रासहून गाडीने धनुष्कोडीला जायचे, तिथून आगबोटीने तलाईमन्नारला, आणि पुढे पुन्हा सिलोनची रेल्वे. 'बोट मेल' म्हणत त्या गाडीला. चहाच्या मळ्यांना मजूर हवे होते, व्यापाऱ्यांना माल हवा होता. आपले काशी-रामेश्वर करणारे लोक त्याच गाडीत आपली गंगेच्या पाण्याची गडवी सांभाळत बसत.

आता त्या उघडणाऱ्या गाळ्याविषयी. त्याला शेर्झर स्पॅन म्हणतात. शेर्झर हा जर्मन इंजिनियर होता असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. विल्यम शेर्झर अमेरिकन होता, इलिनॉय राज्यातला, आणि त्याची ही कल्पना समुद्रावर नव्हे तर एका अरुंद नदीवर जन्मली. शिकागो शहराच्या मधून नदी वाहते. एकोणिसाव्या शतकात त्या नदीवर फिरते पूल होते. नदीच्या मध्यावर एक खांब, त्यावर अख्खा पूल जात्याच्या पाळीसारखा ठेवलेला. जहाज आले की पूल गोल फिरवायचा. जहाजे लहान होती तोवर ठीक चालले. जहाजे मोठी झाली तेव्हा मधला खांबच अडथळा ठरू लागला. पूल फिरवताना दोन्ही बाजूंची जागा मोकळी ठेवावी लागे ती वेगळीच. जुने पूल बदलायला तर हवे होते, पण तसलेच नवे बांधून उपयोग नव्हता.

शेर्झरने पूल मधोमध दुभंगला. दोन्ही काठांवर एकेक पाते. पात्याची मागची बाजू आरामखुर्चीच्या डुलत्या पायांसारखी गोल, आणि त्या बाजूला पुढच्या भागाला तोलून धरेल एवढे वजन. पाते उचलायचे म्हणजे ती खुर्ची मागे डुलवायची. डुलताना ती थोडी मागेही सरकते, त्यामुळे पाण्याचा रस्ता पूर्ण मोकळा होतो आणि नदीत खांब लागत नाही. तराजूची दोन्ही पारडी समान असली की बोटानेसुद्धा दांडी हलते, तेच तत्त्व. हा गृहस्थ १८९३ मध्ये, आपला पूल उभा राहिलेला पाहण्याआधीच वारला. पुढचे काम त्याच्या भावाने पाहिले आणि १८९५ च्या सुमारास शिकागोत हे पूल उघडझाप करू लागले. मला गंमत वाटते ती अशी की, १८९५ हेच आमच्या नाशिकच्या व्हिक्टोरिया पुलाचे साल. आता त्याला अहिल्यादेवी होळकर पूल म्हणतात. गोदावरीत जहाजे नव्हती. आमच्या पुलाला फक्त पुराला वाट द्यायची होती, म्हणून दगडी कमानींवर भागले.

नदीवरचा उघडणारा पूल भारतात त्याआधीही होता. कलकत्त्याला हुगळीवर १८७४ मध्ये सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी तरंगता पूल बांधला. मोठमोठे तराफे नांगरून त्यांवर रस्ता. तो पुरा होता होताच मार्चमध्ये वादळ आले, 'इजेरिया' नावाची आगबोट नांगर तुटून पुलावर आदळली आणि तीन तराफे बुडाले. दुरुस्त करून पूल सुरू केला. जहाजे जायची तेव्हा मधला दोनशे फुटांचा भाग बाजूला काढत. तेवढा वेळ हावड्याच्या बाजूला बैलगाड्यांची रांग, कलकत्त्याच्या बाजूला माणसांची रांग. पुढे १९०६ पासून जहाजांना रात्री सोडू लागले, म्हणजे दिवसा तरी लोकांना चालता येईल. गाड्या आणि माणसे वाढतच गेली तेव्हा शेवटी १९४३ मध्ये आजचा हावडा पूल आला, जो उघडत नाही. उघडणारा पूल असला की कोणाला तरी थांबावे लागते. कोणी थांबायचे हे ज्याचे वजन जास्त तो ठरवतो. हुगळीवर आधी जहाजांचे वजन जास्त होते, मग रस्त्याचे झाले.

पांबनला मात्र हा तोल शंभर वर्षे टिकला. गाड्या दिवसाला मोजक्या, त्यामुळे मधल्या वेळेत बोटी सोडता येत. बोटी दोन्ही बाजूंना नांगर टाकून थांबत. ठरल्या वेळी सिग्नल बंद करून, रूळ सोडवून माणसे पाती उचलायला लागत. माणसे म्हणजे खरोखरच माणसे बरं का! तिथे शेवटपर्यंत मोटार नव्हती. चक्राला लांब दांडे अडकवायचे आणि तेलाच्या घाण्याभोवती बैल फिरतो तसे गोल फिरायचे. शेकडो टनांचे पाते एकेक बोट वर सरकत जाई.

आम्ही रामेश्वरला गेलो ते १९९७ च्या मे महिन्यात. सौ.च्या आईने कधीतरी आणून ठेवलेले गंगाजल देव्हाऱ्यात होते, ते रामेश्वराला घालायचे राहिले होते. मदुराईहून मीटर गेजची गाडी. मंडपम् सोडले आणि गाडी इतकी हळू झाली की, सौ. म्हणाली, "अहो, उतरून चालत गेलो तर आधी पोहोचू." दोन्ही बाजूंना कठडा नाही, खिडकीतून खाली पाहिले तर थेट हिरवेनिळे पाणी. डब्यातल्या बायका गंगेत टाकतात तशी समुद्रात नाणी टाकत होत्या. शेर्झर गाळ्यावरून गाडी जाताना चाकांचा आवाज बदलला. मी मान बाहेर काढून पाहिले. लोखंडाच्या आडव्या पट्टीवर दोन माणसे तेलाचा डबा आणि चिंध्या घेऊन उभी होती, गाडी जाण्याची वाट पाहत. एकाने आमच्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. पूल डोळ्यांपुढे आला की मला आधी ती दोन माणसे दिसतात, मग समुद्र.

१९६४ चे सांगायलाच हवे. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ आले. समुद्राच्या लाटेने पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट गिळली. गाडीत शंभराहून अधिक माणसे होती. धनुष्कोडी गावच उरले नाही. स्टेशन, पोस्ट, चर्च यांच्या भिंती तेवढ्या राहिल्या आणि पुढे सरकारने ती जागा वस्तीला अयोग्य ठरवली. बोट मेलचे बंदर तिथेच संपले. घरी वर्तमानपत्रात ती बातमी वडिलांनी मोठ्याने वाचली होती आणि आजीने हात जोडले होते, तेवढे आठवते.

पुलाच्या १४५ गर्डरांपैकी १२६ वाहून गेले. शेर्झरचा उघडणारा भाग मात्र जागच्या जागी राहिला! रस्त्याचा पूल तेव्हा नव्हता, म्हणजे बेटाचा रेल्वेसंबंध पुरता तुटला. रेल्वेने दुरुस्तीला सहा महिने ठरवले, वरिष्ठांनी ते तीन महिन्यांवर आणले, आणि काम सोपवले बत्तीस वर्षांच्या एका इंजिनियरवर. त्यांचे नाव ई. श्रीधरन. त्यांनी स्थानिक कोळ्यांच्या मदतीने समुद्रात बुडालेले गर्डर शोधले, वर काढले, पुन्हा खांबांवर बसवले, आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. रेल्वेमंत्र्यांनी त्यांना एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. हेच श्रीधरन पुढे १९९० मध्ये कोकण रेल्वेचे प्रमुख झाले, आणि १९९८ मध्ये आपल्या कोकणातून गाडी धावू लागली. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या उंच पुलावरून जाताना पोटात गोळा येतो तो याच माणसाच्या कृपेने. असो.

वादळानंतर पुलावर वाऱ्याचा वेग मोजण्याची व्यवस्था आली. वारा मर्यादेपलीकडे गेला की सिग्नल लाल. गाडी थांबलीच पाहिजे.

मग पूल म्हातारा होऊ लागला. खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते हे कोकणातल्या नातेवाइकांना सांगायला नको, खिडकीचे गज वर्षाला रंगवावे लागतात. पांबनची हवा तर लोखंडाला जगातल्या सर्वांत वाईट हवांपैकी एक मानतात. २००७ मध्ये मीटर गेज जाऊन ब्रॉड गेज आले, म्हणजे त्याच म्हाताऱ्या खांद्यांवर जड गाड्या आल्या. शेर्झर भाग त्यासाठी मजबूत करून घेतला. जानेवारी २०१३ मध्ये नौदलासाठी चाललेला एक बार्ज भरकटत येऊन पुलाला धडकला. डिसेंबर २०१८ मध्ये शेर्झर भागात दोष दिसला आणि गाड्या थांबवल्या. दुरुस्ती करून २०१९ मध्ये पुन्हा सुरू केल्या, पण ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने. शेवटी २३ डिसेंबर २०२२ ला रेल्वेने गाड्या कायमच्या बंद केल्या. नवा पूल तेव्हा अर्धवट होता. यात्रेकरूंना मंडपमला उतरून रस्त्याने जावे लागले, आणि ही गैरसोय दोन वर्षांहून जास्त चालली.

मला या इतिहासातली सर्वांत मोलाची तारीख हीच वाटते. १९१४ ची नाही आणि २०२५ ची पण नाही. पूल उभा होता, गाड्या भरून जात होत्या, रोज हजारो लोकांना बेटावर जायचे होते, नवा पूल तयार नव्हता, आणि तरी कोणीतरी सही केली की, आता पुरे. टीका झाली असणारच.

आपल्याकडे काय झाले ते आठवा. २ ऑगस्ट २०१६. त्या दिवशी नाशिकला गोदावरीला मोठा पूर होता. दुतोंड्या मारुती बुडाला होता आणि आम्ही घरात बसून पंचवटीतल्या नातेवाइकांना फोन लावत होतो. त्याच रात्री तिकडे महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्यावरचा सावित्री नदीचा ब्रिटिश काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही वाहने अंधारात सरळ नदीत गेली. मेलेले आणि बेपत्ता मिळून चाळीसच्या आसपास माणसे गेली. त्या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असे नंतर विधिमंडळात सांगण्यात आले. त्या रात्री आणखी गाड्या गेल्या नाहीत याचे कारण, जवळच राहणाऱ्या एका गॅरेजवाल्याने पाहिले की पलीकडे जाणाऱ्या गाड्यांचे दिवे मध्येच नाहीसे होत आहेत, आणि तो धावत रस्त्यावर आला. पूल पडलेला पहिल्यांदा पाहणारा माणूस गॅरेजवाला होता. नवा पूल पुढे १६५ दिवसांत बांधला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. म्हणजे लवकर बांधणे आपल्याला जमते. जुना वेळेवर बंद करणे जमत नाही.

आणि १५ जून २०२५, पांबनच्या उद्‌घाटनानंतर सव्वादोन महिने. पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक आहे हे माहीत होते. तसा फलकही होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. पण पूल 'होता', आणि जो पूल आहे त्यावरून माणसे जाणारच.

मी इंजिनियर नाही, इतिहास शिकवणारा मास्तर आहे. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला एक वाटते. ते बरोबर आहे का, हे घरातल्या इंजिनियर मंडळींनी सांगावे. हलणाऱ्या पुलाला रोज माणूस लागतो. त्याचे दात घासलेले असले, एखादी खीळ सैल झाली, पाते अर्ध्या बोटाने खाली बसले, की तो उघडत नाही किंवा मिटत नाही. मग गाडी थांबते, बोट थांबते आणि आरडाओरडा होतो. म्हणजे तो आपली दुखणी लपवू शकत नाही. चाळीस-पन्नास वर्षे त्याच्या अंगावर चढून ग्रीस लावणाऱ्या माणसाला त्याचा प्रत्येक आवाज माहीत असतो. मी १९९७ मध्ये पाहिलेली ती दोन माणसे त्यांतलीच. न हलणारा पूल मात्र निमूट उभा असतो. त्याच्यावरून रोज जाणाऱ्याला तो दिसतसुद्धा नाही. मी द्वारकेहून पंचवटीत जाताना कन्नमवार पुलावरून किती हजार वेळा गेलो असेन! त्याला किती खांब आहेत हे विचाराल तर सांगता येणार नाही. पावसाळ्यात नदीचे पाणी किती चढले ते पाहायला आम्ही सगळे नाशिककर पुलांवर गर्दी करतो. सगळे कठड्यावरून पाणी बघतात, पुलाकडे कोणाची नजर जात नाही.

नव्या पांबन पुलाची माहिती थोडक्यात देतो. कोनशिला १ मार्च २०१९ ला बसली, प्रत्यक्ष काम २०२० मध्ये सुरू झाले, खर्च साडेपाचशे कोटींच्या घरात. लांबी सुमारे २.०८ किलोमीटर. १८.३ मीटरचे ९९ गाळे आणि ७२.५ मीटरचा एक उचलणारा गाळा. शेर्झरची दोन पाती दारासारखी उघडत. हा गाळा मात्र आडवाच राहून सतरा मीटर सरळ वर जातो, विहिरीवरच्या रहाटातून पोहरा यावा तसा. दोन्ही मनोऱ्यांत दोरांना वजने टांगलेली आहेत, ती खाली आली की ६६० टनांचा गाळा वर जातो. तत्त्व पुन्हा तराजूचेच, माणसांऐवजी मोटारी आहेत आणि पाचेक मिनिटांत काम होते. रूळ सध्या एकच आहे, खांब मात्र दोन रुळांच्या हिशेबाने बांधले आहेत. गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलच्या सळ्या आणि खास रंग वापरला आहे.

सगळे गोडगोड झाले असेही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासणी करून अहवालात बऱ्याच त्रुटी दाखवल्या. गंजाचा आणि आराखड्याच्या पद्धतीचा मुद्दा त्यात होता. रेल्वेने त्यावर आपली बाजू मांडली. आयुक्तांनी परवानगी दिली ती ताशी ७५ किलोमीटरची, आणि उचलणाऱ्या गाळ्यावर ५० ची. काही लोकांना हा अपशकुन वाटला. मला उलट बरे वाटले. उद्‌घाटनाच्या आधी कोणीतरी स्पष्ट लिहून ठेवले आणि ते लोकांसमोर आले, हे सावित्रीच्या बाबतीत घडते तर?

आणि उद्‌घाटनाच्या दिवशीच, पाहुणे गेल्यावर, वर गेलेला गाळा खाली येताना अडकला. एक बाजू खाली, एक थोडी वर. टीव्हीवर त्याची चेष्टाही झाली. तंत्रज्ञ वर चढले, खटपट केली, आणि तो जागेवर बसला. नवे यंत्र आहे, नखरे करणारच.

आता गाड्या पुन्हा थेट रामेश्वरला जातात. आमचे पुन्हा जाणे होईल असे वाटत नाही, पण गंगाजल घालायचे राहिलेली बरीच घरे नात्यात आहेत. कोणी गेलात तर मंडपम् सुटल्यावर खिडकीशी बसा, आणि मधल्या मनोऱ्यांजवळ तेलाचा डबा घेतलेले कोणी दिसते का, ते पाहून मला नक्की कळवा.